प्रतीक उचला, खाली माणूस बघा

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय लांबलचक आहे. युद्धावरचा आत्मपर निबंध, त्यातली प्रतीकं, आणि सार्वजनिक जबाबदारी. एका दोस्तानं मघाशी चहा पिताना विचारलं, गोदीतल्या हमालानं प्रतीकांवर काय बोलायचं? ते प्राध्यापकांचं काम. मी म्हटलं, प्रतीक म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओझं वाहणारी वस्तू. ओझ्याचं मला कळतं. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आपल्या लिखाणावर एक जुना आरोप आहे. प्रस्थापित समीक्षक म्हणतात, यांच्याकडे प्रतीक नाही, नुसती घोषणा आहे. त्याला उत्तर म्हणून आपली काही पोरं पानापानावर ज्वालामुखी पेरतात. सूर्य, मशाल, वणवा, वादळ. एका कवितेत चार सूर्य. आरोप करणारा आणि उत्तर देणारा, दोघांचा समज एकच : प्रतीक म्हणजे दागिना. एक म्हणतो तुमच्या अंगावर दागिना नाही. दुसरा म्हणतो हा बघा, किलोभर घातलाय.

मी दागिन्याची भाषा बाजूला ठेवतो. माझं म्हणणं एवढंच, की युद्धाच्या लिखाणात प्रतीक हे हिशोबाचं काम करतं. कोण मेला, कुणाच्या हुकमानं मेला, कुणाला काय मिळालं, याचा हिशोब काही प्रतीकं उघडतात आणि काही प्रतीकं दाबून टाकतात. बाकी सगळं, म्हणजे सुंदर की कुरूप, संयत की आक्रस्ताळी, नंतरचं.

उदाहरणाला एक निबंध घेतो. लेखक जॉर्ज ऑर्वेल. खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ चा, आपल्याच देशात, बिहारमधल्या मोतिहारीला. बाप इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. पोरगा पुढे १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी. म्हणजे साम्राज्याचा दंडुका प्रत्यक्ष हातात धरलेला माणूस. तो दंडुका त्यानं टाकला, लेखक झाला, आणि १९३६ च्या अखेरीस स्पेनला गेला. तिथे जुलै १९३६ मध्ये लष्करातल्या जनरलांनी निवडून आलेल्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केलं होतं. फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला. मागे हिटलर आणि मुसोलिनी. ऑर्वेल कामगारांच्या सैन्यात शिपाई म्हणून भरती झाला. मे १९३७ मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. वाचला. १९४२ साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, लंडनच्या बीबीसीत हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करण्याची नोकरी करत त्यानं हा निबंध लिहिला. नाव ‘लुकिंग बॅक ऑन द स्पॅनिश वॉर’. १९४३ मध्ये तो काही भाग गाळून छापला गेला.

युद्धावरचा निबंध म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? निशाण. बिगुल. तलवार. फार तर रक्त. या गड्यानं सुरुवातीलाच काय काढलं, तर बॅरेकमधला संडास. तुंबलेला, घसरडा, दारात उभं राहवत नाही असा. तो म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगतो : लढाई कितीही न्यायाची असली तरी शिपायाच्या आयुष्याची घाण न्यायानं कमी होत नाही. उवा क्रांतिकारकाला पण चावतात.

हे वाचून पांढरपेशा वाचक नाक दाबतो आणि म्हणतो, वा, काय धीट वास्तववाद! आपल्याला त्यात धीट काही वाटत नाही. ज्याच्या घरासमोरून गटार वाहतं त्याला गटार हे प्रतीक नसतं, शेजार असतो. पण जरा थांबून बघा ऑर्वेलनं काय केलं. ज्या जागेवर सगळे सारखे होतात, सरदार आणि शिपाई, जनरल आणि हमाल, ती जागा त्यानं आधी दाखवली. झेंडा पुढे दाखवला असता तर शिपाई झेंड्यामागे गेला असता. संडास दाखवला म्हणून शिपाई दिसला.

आणि एक प्रश्न ऑर्वेलनं विचारला नाही, तो आपण विचारायचा. तो संडास साफ कोण करतं? आपल्या देशात या प्रश्नाला जात चिकटलेली आहे. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा कायदा झाला, हातानं मैला साफ करायला लावणं गुन्हा ठरलं, आणि तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. सीमेवर मेला तर पेटीवर तिरंगा. गटारात मेला तर पंचनामा. दोघंही सार्वजनिक कामावर मेले. मी शिपायाचा तिरंगा काढून घ्या म्हणत नाही. दुसऱ्याच्या अंगावर काय टाकलं, एवढंच विचारतो.

आता पाटलोणीची गोष्ट. या निबंधातलं सगळ्यात गाजलेलं प्रतीक.

वेस्का शहराबाहेर ऑर्वेल आणि त्याचा साथीदार पहाटे फॅसिस्टांवर निशाणबाजी करायला निघाले. शत्रूच्या खंदकापासून शंभरेक यार्डांवर एका चरात दबा धरून बसले. तेवढ्यात आपल्या बाजूची विमानं आली, तिकडे गडबड उडाली. खंदकातून एक माणूस उडी मारून बाहेर पडला आणि कठड्यावरून उघड्यावर पळत सुटला. अर्धवट कपडे घातलेले. दोन्ही हातांनी पाटलोण धरलेली. ऑर्वेलनं गोळी झाडली नाही. तो सांगतो, माझा नेम तसा चांगला नव्हता, आणि फॅसिस्टांचं लक्ष विमानांकडे आहे तोवर आपल्या खंदकात परत पोचायचं, हेच डोक्यात होतं. पण खरं कारण अर्धं तरी ती पाटलोण. मी फॅसिस्टांना मारायला आलो होतो, आणि पाटलोण सावरत पळणारा माणूस काही फॅसिस्ट दिसत नाही. तुमच्या-माझ्यासारखा दिसतो.

हे प्रतीक कसं काम करतं ते बघा. शत्रू हा शब्द म्हणजे एक गणवेश. गणवेश घसरला की आत माणूस. पाटलोण हे त्या घसरण्याचं चिन्ह. ते लेखकानं टेबलावर बसून शोधलेलं नाही, खंदकातनं आपल्या पायानं पळत आलं. म्हणून ते खरं वाटतं.

पण या गोष्टीचं काही लोकांनी गुळगुळीत पोस्टर केलंय. बघा, प्रेमानं युद्ध संपतं, शत्रूही माणूस, सगळे भाऊ भाऊ. ऑर्वेल असं म्हणालेला नाही. त्याच निबंधात तो ठाम सांगतो, की फॅसिझमविरुद्ध लढणं भाग होतं, आणि लढलं नाही तर काय वाढून ठेवलं होतं हे जगानं नंतर पाहिलं. पाटलोण त्याला बंदूक टाकायला सांगत नाही. बंदूक कुणावर रोखलीय ते विसरू नकोस, एवढंच सांगते. एका माणसावर त्यानं गोळी झाडली नाही आणि युद्धातून पळूनही गेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर. याला मी जबाबदारी म्हणतो. जो फक्त पाटलोण बघतो तो संत होतो. जो फक्त गणवेश बघतो तो कसाई होतो. दोघांनाही हिशोब द्यावा लागत नाही.

आणि समोरच्या खंदकात कोण होतं? फ्रँकोच्या बाजूनं मोरोक्कोचे हजारो शिपाई लढले. स्पेनच्या वसाहतीतली गरीब, काळीसावळी माणसं. ज्या स्पेननं त्यांची जमीन दाबली होती, त्याच स्पेनच्या जनरलासाठी मेली. पगारासाठी, भाकरीसाठी. हे लक्षात ठेवा, पुढे मला परत लागणार आहे.

तिसरी गोष्ट मला पाटलोणीपेक्षा मोठी वाटते. तिच्यावर फार कुणी लिहीत नाही. का लिहीत नाही तेही सांगतो.

बार्सिलोनाच्या बॅरेकमध्ये एक पोरगा भरती झाला. गलिच्छ वस्तीतला, अनवाणी, काळसर चेहऱ्याचा. एक दिवस ऑर्वेलचे चिरूट चोरीला गेले. त्यानं अधिकाऱ्याकडे तक्रार केली. लगेच दुसऱ्या एकानं सांगितलं, माझे पण पैसे गेले. अधिकाऱ्यानं कशावरून कोण जाणे, याच पोराला चोर ठरवलं. पोरानं मुकाट्यानं सगळे कपडे उतरवले. झडती झाली. काही सापडलं नाही. त्यानं काही चोरलंच नव्हतं. आणि ऑर्वेल सांगतो, सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की निर्दोष ठरल्यावरही त्या पोराची शरम कमी झाली नाही.

इथे जरा गप्प बसू.

चेहरा काळा. वस्ती गलिच्छ. म्हणून चोर. आपल्या देशात याचा कायदाच होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पोटातल्या पोरालाही चोर ठरवून ठेवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. रद्द झाला म्हणजे कागदावरून गेला. पारध्याच्या, कैकाड्याच्या पोराला विचारा, गावात चोरी झाली की पोलिसाची जीप पहिली कुठल्या पालावर येते. आणि शरम. निर्दोष सुटल्यावरची ती शरम. ती आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे आघाडीवर एकदा ऑर्वेलचा हुकूम मानायला एक शिपाई तयार होईना. भांडण पेटलं, माणसं ऑर्वेलवर धावून आली. तेव्हा त्याच्या बाजूनं कोण उभा राहिला? तोच काळा पोरगा. ओरडून ओरडून सांगू लागला, आमच्याकडे याच्यासारखा नाईक दुसरा नाही.

भाबडा लेखक इथे लिहील : पाहा, गरीबाचं मन किती मोठं! ऑर्वेल तसं लिहीत नाही. तो म्हणतो, साध्या दिवसांत त्या पोराचं आणि माझं परत कधी जमलंच नसतं. मी कितीही गोडगोड वागलो असतो तरी चोरीचा आळ पुसला गेला नसता, उलट जास्तच सलला असता. जमलं, कारण तेव्हा तिथली हवा क्रांतीची होती. म्हणजे श्रेय ना पोराच्या मोठ्या मनाला, ना लेखकाच्या पश्चात्तापाला. श्रेय माणसांमधलं नातं बदलणाऱ्या काळाला.

आणि तक्रार कुणी केली होती? लेखकानं. हे त्यानं लपवलं नाही. उघडा उभा राहिलेला तो पोरगा या निबंधाचं खरं प्रतीक आहे, आणि त्याच्याकडे बघताना त्याला उघडं करणाऱ्यांच्या रांगेत लेखक स्वतः दिसतो. म्हणून यावर फार कुणी लिहीत नाही. पाटलोणीची गोष्ट सांगितली की वाचक दयाळू ठरतो. या पोराची सांगितली की वाचक तक्रारदार ठरतो.

चौथं प्रतीक म्हणजे एक बरणी. ऑर्वेल विचार करतो, की जुन्या रोमची, ग्रीसची सगळी संस्कृती गुलामांच्या पाठीवर उभी राहिली. लाखो गुलाम पिढ्यानपिढ्या राबले. त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? त्याला जेमतेम दोन आठवतात. स्पार्टाकस आणि एपिक्टेटस. तिसरं नाव ब्रिटिश म्युझियममधल्या एका काचेच्या बरणीवर. बरणीच्या बुडाला घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, फेलिक्स. ऑर्वेलच्या मनात त्याचं चित्र उभं राहतं : लाल केसांचा, गळ्यात लोखंडी पट्टा घातलेला. आणि लगेच तो प्रामाणिकपणे सांगतो, की हा फेलिक्स कदाचित गुलाम नसेलही.

गळ्यातला पट्टा वाचून आपल्याला गळ्यातलं मडकं आठवणारच. पेशवाईतलं ते मडकं बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’च्या भाषणात जगापुढे ठेवलं. पण मी तुम्हाला बुडाला कोरलेल्या नावाकडे न्यायला आलोय. आपल्याकडेही अशी एक दगडी बरणी आहे. कोरेगावचा स्तंभ.

१ जानेवारी १८१८. भीमेकाठी कंपनीची फौज आणि पेशव्याची फौज भिडली. इंग्रजांनी तिथे स्तंभ उभा केला तो स्वतःच्या विजयाचा. आपल्यासाठी नव्हे. पण त्यावर मेलेल्या शिपायांची ४९ नावं कोरली, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. नाक म्हणजे महार. सरकारच्या दगडावर, सरकारच्या खर्चानं, आपल्या बापजाद्यांची नावं. फेलिक्सची एक बरणी मिळाली तर ऑर्वेल हरखला. आपल्याला बावीस मिळाली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा मालक बदलला. इंग्रजांचा विजयस्तंभ आपल्या स्वाभिमानाची खूण झाला.

आता कडू बोलतो. ऐकून घ्या, मग शिव्या द्या.

आपण घोषणा देतो : पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापलं. दोस्तांनो, कंपनीची फौज आठशेच्या आसपास होती आणि तिच्यात सगळे महार नव्हते. महारांबरोबर दुसऱ्या जातींचे शिपाई होते, मद्रासचे तोफखानेवाले होते. समोर पेशव्याचे अरब होते, गोसावी होते. अठ्ठावीस हजार ही पेशव्याच्या अख्ख्या फौजेची सांगितलेली संख्या, प्रत्यक्ष गावात भिडली ती त्यातली थोडी तुकडी. हे सांगितल्यानं त्या बावीस जणांचं मरण रतीभरही हलकं होत नाही. दिवसभर उपाशीतापाशी, पाण्यावाचून लढले आणि मेले. त्याला फुगवायची गरज काय? फुगवलेला आकडा शत्रू एका टाचणीनं फोडतो, आणि आकड्याबरोबर नावंही वाऱ्यावर जातात. २०१८ साली, बरोबर दोनशे वर्षांनी, त्याच १ जानेवारीला तिथे हिंसाचार झाला. दगड खाऊन आलेली माणसं या सभागृहातही असतील. आपली खरी नावं आपल्याला पुरतात. आकडा त्यांना लागतो ज्यांच्याकडे नावं नाहीत.

आणि त्या दगडाची दुसरी बाजू पण वाचा. महार शिपाई कंपनीच्या फौजेत का गेला? मोरोक्कोचा शिपाई फ्रँकोकडे गेला त्याच कारणानं. भाकरी. आणि एक कारण जास्तीचं, हातात बंदूक आली की सावलीचा विटाळ धरणारा दोन पावलं मागे सरकतो. मग ज्यांच्यासाठी मेले त्यांनी काय केलं? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केला. दाद नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो स्तंभ काढून तिथे कट्यार आली.

गरज लागली की भरती, गरज सरली की बरखास्ती. गोदीतल्या रोजंदारी माणसाला हे गणित पाठ असतं. तेव्हा स्तंभाला सलाम करताना मी दोन गोष्टींना सलाम करतो. बावीस नावांना, आणि न फेडलेल्या कर्जाला. फक्त विजय बघितला तर कर्ज बुडतं.

आता मुंबईकडे येतो. १४ एप्रिल १९४४. होय, भीमजयंतीचा दिवस. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते.

फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. शिवाय तेल, लाकूड, आणि सोन्याच्या विटा. दारूगोळा असलेल्या जहाजानं लाल निशाण चढवायचं असा नियम. या जहाजावर ते नव्हतं. युद्धाची घाई. दुपारी कापसातून धूर निघाला. जहाज बुडवायचं, की ओढून बाहेर समुद्रात न्यायचं, यावर साहेब लोकांचं एकमत होईना. गोदी रिकामी करा असा हुकूम वेळेवर कुणी दिला नाही. लाल निशाण नसल्यानं आजूबाजूच्या जहाजांवरच्या माणसांना, धक्क्यावरच्या हमालांना कळलंच नाही की आपण कशाशेजारी उभे आहोत. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली, धान्याच्या वखारी जळाल्या. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले गेले. आणि बातमी? सायगावच्या जपानी ताब्यातल्या रेडिओनं ती दुसऱ्या दिवशी दिली. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळायला मे महिना उजाडला.

आता मला सांगा, या घटनेचं लोकांच्या तोंडी असलेलं प्रतीक कुठलं? सोन्याची वीट. गोदीतली जुनी माणसं आजही तीच गोष्ट रंगवून सांगतात. आकाशातून सोनं पडलं, कुणाच्या तरी छपरातून घरात आलं. खरंच आलं होतं, त्यात खोटं काही नाही. एका पारशी गृहस्थानं घरात पडलेली वीट इमानदारीनं परत केली. पण सोन्याची वीट हे दाबणारं प्रतीक. ती चमकते, आणि तिच्या चमकेत न चढवलेलं निशाण दिसत नाही. मी या स्फोटावर निबंध लिहीन तेव्हा माझं प्रतीक ते लाल फडकं असेल. दोन हात कापड. ते चढवायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. ते कुणी चढवायचं होतं? त्याचं उत्तर एका हुद्द्यापाशी जातं, एका खुर्चीपाशी जातं. सोनं आकाशातून पडतं, म्हणून त्याला कुणी जबाबदार नसतं. निशाण हातानं चढवायचं असतं.

कापडाचा विषय निघालाच आहे तर आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, साधना साप्ताहिकात राजा ढाल्यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. केवढा गदारोळ झाला! लेखात ढाल्यांनी दोन दंड शेजारी शेजारी ठेवले. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये. दलित बाईच्या विटंबनेला पन्नास. लोक ध्वजासाठी भडकले. पन्नास रुपयांसाठी किती जण भडकले? ढाल्यांनी ध्वज उचलून खाली काय आहे ते दाखवलं. खाली एक बाई होती. देशानं ध्वज बघितला, बाई बघितली नाही. त्या गदारोळानंच ढाल्यांचा मुद्दा सिद्ध केला.

हे सगळं जुनं झालं म्हणाल. मग परवाचं घ्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. तो खून होता आणि त्याला दुसरं नाव नाही. कुणा खोटारड्यानं त्याचा बाजार मांडला म्हणून खून खोटा ठरत नाही, आणि ऑर्वेलही आपल्या निबंधात अत्याचारांविषयी हेच सांगतो. मे महिन्यात भारत-पाकिस्तानात चार दिवस लढाई पेटली. ८ मेच्या रात्री आपल्याकडच्या कित्येक टीव्ही चॅनेलांनी ओरडून सांगितलं, की कराची बंदर उद्ध्वस्त केलं. पडद्यावर आगीचे लोळ. स्टुडिओत टाळ्या. सकाळी बंदर जाग्यावर होतं. बातमी खोटी होती. ऑर्वेलनं स्पेनमध्ये हेच बघितलं होतं : जिथे लढाई झालीच नाही तिथल्या घनघोर लढाईची वर्णनं वर्तमानपत्रात छापून आली, आणि जिथे शेकडो मेले तिथली ओळ नाही. तेव्हापासून त्याला भीती वाटू लागली, की खरं काय घडलं हेच जगातून पुसलं जाईल.

त्या रात्री माझ्या मनात एकच गोष्ट आली. बंदर म्हणजे काय? टीव्हीवाल्याला बंदर म्हणजे नकाशावरचा ठिपका, शत्रूचं नाक. मला बंदर म्हणजे पाळी. रात्रपाळीला क्रेनखाली उभा असलेला माणूस, टॅली क्लार्क, विंचवाला, चहाची किटली घेऊन फिरणारं पोरगं. कराचीच्या गोदीतही त्या रात्री ही सगळी होती. फोर्ट स्टिकीननं कापूस तिथूनच उचलला. तो चढवणारा हमाल तिकडचा, त्याच्या स्फोटात मेलेला हमाल इकडचा. ज्याला गोदीतला स्फोट काय करतो हे ठाऊक आहे त्यानं दुसऱ्या गोदीच्या खोट्या आगीवर टाळी कशी वाजवायची? मी देशाच्या विरोधात बोलतोय का? ज्याला तसं वाटतं त्यानं १४ एप्रिल १९४४ ची मुंबई आधी वाचावी.

तेव्हा लिहिणाऱ्या पोरांना माझं सांगणं थोडक्यात.

आत्मपर लिहा. ‘मी’ म्हणा. पण तुमचा ‘मी’ नुसता जखमा दाखवत फिरू नये. ऑर्वेल तक्रारदार म्हणून रांगेत उभा आहे, तसा तुमचा ‘मी’ पण कुठेतरी रांगेत दिसला पाहिजे. आपण मारही खाल्लाय आणि बघत उभेही राहिलोय. घरात बायकोवर हात उचलणारा पँथर आणि मोर्चात पहिल्या फळीत असणारा पँथर एकच असेल, तर निबंधात दोन्ही आले पाहिजेत.

प्रतीक बाजारातून आणू नका. मशाल बाजारात मिळते. पाटलोण मिळत नाही, ती त्या पहाटेच मिळते. तुमच्या आईच्या हातातली पाटी, बापाच्या खांद्यावरचा घट्टा, चाळीतला नळ, यांच्यात जे ओझं आहे ते ज्वालामुखीत नाही.

आणि कुठलंही प्रतीक हाताला लागलं, तुमचं असो की सरकारचं, निळं असो, भगवं असो की तिरंगी, त्याला दोन प्रश्न विचारा. याच्याखाली माणूस कोण आहे? आणि त्याचं जे झालं ते कुणाच्या हुकमानं झालं? दोन्ही उत्तरं मिळाली तर ते प्रतीक खांद्यावर घ्या आणि चाला. एकच मिळालं तर शोधत राहा. एकही मिळालं नाही तर ते पोतं रिकामं आहे, कितीही मोठं दिसो. ते खाली ठेवा.

पुढची लढाई कधी लागेल ठाऊक नाही. लागेल तेव्हा टीव्ही तुम्हाला प्रतीकं फुकट वाटेल. गल्लीत ढोल वाजतील. तुमच्याच वस्तीतला एखादा पोरगा वर्दी घालून गेलेला असेल, कारण वस्तीत दुसरी नोकरी नव्हती. त्या दिवशी कुणीतरी बसून खरं लिहिलं पाहिजे. त्याचं नाव लिहिलं पाहिजे, बुडाला कोरावं तसं. आणि निशाण चढवायचं काम कुणाचं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

ते काम मोठ्या लेखकांवर सोडू नका. ते आपलं आहे.

जयभीम.